टीव्ही-साउंडबारचा रिव्ह्यू: कोणी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

मराठीत टीव्ही आणि साउंडबारचे रिव्ह्यू करणारे वाढलेत, पण बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी घसरते. खोकं उघडलं, टीव्ही भिंतीवर लागला, दुकानातल्या झगझगीत मोडवरच एखादा फोरके डेमो पाहिला, मत पक्कं झालं. मग पुढचे दोन दिवस त्या मताला शोभतील असे आकडे गोळा करण्यात जातात. हा क्रम उलटा आहे. आधी टीव्ही नीट अवस्थेत आणायचा, मग एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं पाहायचं. दोघांनी आपापल्या नोंदी लिहून पूर्ण केल्या की मगच त्या समोरासमोर ठेवायच्या.

खाली तीन जणांची टीम धरली आहे.

## टप्पा १: कामं वाटून घ्या

मोजणारा उपकरणं हाताळतो, सेटिंग ठरवतो आणि आकडे तक्त्यात भरतो. पाहणारा निदान चार-पाच दिवस रोज दोन-तीन तास घरच्यासारखा टीव्ही बघतो आणि वहीत नोंदी करतो. त्याला आकडे दाखवायचे नाहीत, किंमतही शक्यतो सांगू नये. महाग वस्तूत गुण दिसायला लागतात, डोळा तसा भोळाच असतो. तपासणारा मजकूर छापण्याआधी वाचतो आणि प्रत्येक विधानाला विचारतो, हे कशावरून? लेखन पाहणाऱ्यानं करावं. मोजणाऱ्यानं लिहिलं की लेखाचा तक्ता होतो.

दोघंच असाल तर मोजणाऱ्यानंच तपासणाऱ्याचं काम करावं. एकटेच असाल तर टप्पा ४ पर्यंतची सेटिंग करून घ्या, तीन दिवस पाहा, नोंदी तारीख घालून बंद करा आणि नंतर मीटर काढा. नोंदी नंतर खोडायच्या नाहीत. आकड्यांशी पटत नसतील तर तो फरक लेखात सांगायचा.

## टप्पा २: सामान आणि खोली

चित्रासाठी रंगमापक, म्हणजे कलरीमीटर लागतो. त्याच्यासोबत एचसीएफआर हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. शिवाय चाचणीचे नमुने दाखवणारा एखादा बाहेरचा स्रोत, एक डीटीएच बॉक्स आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रमाणपत्राची एचडीएमआय केबल. आवाजासाठी कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी मापन-माइक (यूमिक-१ सारखा), आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर आणि ध्वनिपातळी मोजणारा मीटर. जोडीला मोजपट्टी, प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर, जाड काळं कापड.

मोबाइलच्या अ‍ॅपवर खोलीतल्या उजेडाचा अंदाज घेता येतो, पण पडद्याची ब्राइटनेस मोजता येत नाही. अ‍ॅपवरचे 'निट्स' (ब्राइटनेसचं एकक) लेखात घालू नका.

बसायचं अंतर आधी ठरवा. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंमी रुंद असतो. पडद्याने नजरेचा ३० अंशांचा कोन व्यापायचा तर अंतर येतं सुमारे साडेसात फूट, ४० अंशांना साडेपाच फूट. आपल्याकडे सोफा सहसा समोरच्या भिंतीला टेकलेला असतो आणि अंतर दहा-अकरा फुटांवर जातं. तिथून टेनएटीपी (फुल एचडी) आणि फोरकेतला फरक बहुतेकांना जाणवत नाही. त्यामुळे 'तपशील फारसा वेगळा वाटला नाही' असं लिहिताना किती फुटांवरून, हे सोबत लिहाच.

तपासा: रात्री सगळे दिवे बंद करून टीव्हीवर काळा पडदा लावा. समोरच्या भिंतीवर रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा राउटरचा उजेड दिसतोय का? दिसत असेल तर काळ्याची मोजणी कापड लावूनच करा.

## टप्पा ३: पहिला तास

खोक्यावरचा आणि टीव्हीच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल कोड, आकार आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून घ्या. ही नोंद इथेच राहिली तर पुढचं सगळं लंगडं पडतं, कारण एकाच मालिकेत आकार बदलला की पॅनेल बदलू शकतं. एलसीडी पॅनेलचे व्हीए आणि आयपीएस हे दोन मुख्य प्रकार. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) साधारण ३०००:१ ते ६०००:१ असतो आणि आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. ४३ इंची तपासून '५५ इंचीही असाच' असं लिहिणं म्हणजे शेजारच्याच्या रक्तदाबावरून आपलं औषध ठरवणं.

पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो, घर की दुकान? घर निवडा. दुकानाच्या मोडमध्ये सेटिंग ठरावीक वेळानं आपोआप मूळ जागी येतात आणि तासाभराची मोजणी पाण्यात जाते.

यानंतर सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि लगेच ऑटो-अपडेट बंद करा. मोजणी एका आवृत्तीवर आणि पाहणं दुसऱ्या आवृत्तीवर झालं तर दोन्हींची तुलना होत नाही.

## टप्पा ४: सेटिंग

आधी चित्राचा मोड. 'फिल्ममेकर' असेल तर तो, नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. 'व्हिव्हिड' आणि 'स्टँडर्ड' यांत पांढऱ्यावर निळसर झाक असते. डोळा दहा मिनिटांत तिला सरावतो आणि मग बरोबर पांढरा पिवळट वाटायला लागतो. पाहणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा आणि पहिल्या दिवसाच्या रंगाबद्दलच्या नोंदी बाजूला काढा.

मग या गोष्टी बंद करा: वीज वाचवण्याचे पर्याय, खोलीच्या उजेडानुसार ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदनिंग (मधल्या चौकटी भरून हालचाल गुळगुळीत करणं), आणि 'एआय' नावाखाली येणारं चित्र व आवाज सुधारण्याचं प्रकरण. शार्पनेस शून्यावर किंवा कंपनीनं तटस्थ मानलेल्या आकड्यावर ठेवा. हा आकडा कंपनीगणिक वेगळा असतो. काळ्या रेघांचा नमुना लावा आणि रेघांभोवतीची पांढरी किनार नाहीशी होईपर्यंत खाली या.

लोकल डिमिंग, म्हणजे पडद्यामागचा उजेड भागाभागानं कमी-जास्त करणं, मात्र बंद करू नका. ते पडद्याच्या रचनेचाच भाग आहे.

एचडीएमआय पोर्टची पूर्ण क्षमता बहुधा मूळ सेटिंगमध्ये बंद असते. एलजीत 'डीप कलर', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट' अशा नावांनी ती सापडते. ती उघडली नाही तर एचडीआर (जास्त उजळ, जास्त तपशिलाचं चित्र) बाहेरच्या स्रोतावरून येतच नाही, किंवा रंगाचे तपशील कापून येतात. 'या टीव्हीवर एचडीआर फिकट दिसतं' अशा कित्येक तक्रारींचं मूळ इथं आहे.

सावधान: एसडीआर (नेहमीचं साधं चित्र), एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) यांची सेटिंग वेगवेगळी साठवली जातात. एकदा बंद केलेलं मोशन स्मूदनिंग दुसऱ्या प्रकारात चालूच असतं. तिन्ही प्रकार लावून प्रत्येकात यादी पुन्हा तपासा.

## टप्पा ५: चित्राची मोजणी

टीव्ही किमान अर्धा तास हलत्या चित्रावर चालवून गरम होऊ द्या. कलरीमीटरही तितकाच वेळ लॅपटॉपला जोडून ठेवा. थंड उपकरणाचे पहिले आकडे सरकत राहतात.

कलरीमीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा प्रकार निवडावा लागतो: एलईडी, किंवा प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या ओलेडचे दोन प्रकार, डब्ल्यू-ओलेड आणि क्यूडी-ओलेड. ही निवड विसरण्याची चूक सगळ्यात महाग पडते. या पडद्यांच्या प्रकाशाची घडण वेगवेगळी असते. चुकीच्या प्रकारावर मोजलं तर आकडे सुबक येतात, पण पांढरा हिरवट किंवा गुलाबी ठरतो.

आता सिग्नलची पातळी. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणक मात्र ० ते २५५ पाठवतो. लॅपटॉप एका भाषेत आणि टीव्ही दुसऱ्या भाषेत असला तर सावल्या बुडतात किंवा काळ्याचा राखाडी होतो. काळ्याच्या जवळच्या पट्ट्यांचा नमुना लावा. १७ पासूनच्या पट्ट्या अंधारात जेमतेम दिसायला हव्यात, १६ दिसता कामा नये. हे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

एसडीआर. अंधाऱ्या खोलीत पांढरा १०० निट्सवर आणा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्या मोजा. पांढऱ्याचं लक्ष्य डी६५ हा प्रमाण पांढरा, म्हणजे रंगाच्या आलेखावर एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०. गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते) अंधारात २.४ आणि उजेडाच्या खोलीत २.२. रंगांसाठी लक्ष्य रेक. ७०९ हे एचडीचं मानक. डेल्टा-ई, म्हणजे हवा तो रंग आणि आला तो रंग यांतलं अंतर, ३ च्या खाली असेल तर चालत्या चित्रात चूक सहसा डोळ्याला कळत नाही. म्हणून १.२ आणि १.८ या फरकावर परिच्छेद खर्च करू नका.

एचडीआर. पांढऱ्या चौकोनाचा आकार बदलत मोजा: पडद्याच्या २, १०, २५, ५० आणि १०० टक्के. जाहिरातीतला मोठा आकडा छोट्या चौकोनाचा असतो. ओलेडमध्ये चौकोन मोठा होत गेला की ब्राइटनेस झपाट्यानं उतरते, कारण पूर्ण पडदा उजळला तर वीज आणि उष्णता आवरावी लागते. चांगल्या एलईडीत ही उतरण कमी असते. रिव्ह्यूत १० टक्के आणि १०० टक्के हे दोन आकडे शेजारी शेजारी द्या. बर्फाचा प्रसंग एका टीव्हीवर का मंदावतो आणि दुसऱ्यावर का नाही, याचं उत्तर तिथं मिळतं. प्रत्येक चौकोन काही सेकंदच ठेवा आणि मध्ये काळा पडदा लावा. सलग मोजत गेलात तर टीव्ही स्वतःला सावरून घेतो आणि आकडे खाली येतात.

तपासा: पहिला आकडा शेवटी पुन्हा मोजा. पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर मधे काही तरी हललं आहे. मीटर कललेला असेल, सेन्सर चालू राहिला असेल, नाहीतर टीव्ही पुरता गरम झाला नव्हता.

## टप्पा ६: डोळ्यानं पाहणं

पाहणाऱ्यानं डेमोचे व्हिडिओ लावूच नयेत. ते सगळ्याच टीव्हीवर छान दिसतात. आपल्या घरात दिसतं ते लावावं.

आपल्याकडचं प्रसारण ५० हर्ट्झचं आहे आणि डीटीएच बॉक्स टेनएटीआय पाठवतो, म्हणजे एक आड एक रेघांचं चित्र. परदेशी रिव्ह्यूत हा भाग बहुधा सापडतच नाही. मराठी वृत्तवाहिनी लावा आणि खालून सरकणारी बातमीची पट्टी पाहा. टीव्हीचं प्रोसेसिंग कच्चं असेल तर अक्षरांचा काना दातेरी दिसतो आणि शिरोरेखा थरथरते. देवनागरी ही या चाचणीसाठी आयती मिळालेली लिपी आहे. अक्षरामागे शेपूट दिसत असेल तर तो पिक्सेलच्या मंदपणाचा दोष. तो वेगळा नोंदवा.

क्रिकेटमध्ये चेंडू सीमारेषेकडे जाताना कॅमेरा हिरवळीवरून सरकतो. तेव्हा हिरव्यात उभे पट्टे किंवा मळकट डाग जागच्या जागी राहिले तर पॅनेल एकसारखं नाही. हा दोष नगागणिक बदलतो. म्हणून 'आमच्याकडे आलेल्या नगात' असंच लिहा.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर त्या चौकटी आळीपाळीने दोनदा आणि तीनदा दाखवाव्या लागतात, त्यामुळे सरकता कॅमेरा अडखळतो. टीव्हीतल्या अ‍ॅपवर हे ठीक दिसलं तरी बाहेरच्या स्ट्रीमिंग स्टिकवर पुन्हा पाहा. स्टिकमध्ये 'मॅच फ्रेम रेट' बंद असेल तर दोष स्टिकचा आणि बोल टीव्हीला.

अंधाऱ्या प्रसंगात पांढरी सबटायटल्स लावा. अक्षरांभोवती धुक्यासारखा उजेड पसरतो का आणि काळ्या पट्टीत किती वर चढतो, ते बघा. मग बाजूच्या दिवाणावरून पाहा, जमिनीवर बसूनही पाहा. पंगतीसारखे बसून टीव्ही बघणाऱ्या घराला समोरच्या एकाच खुर्चीतून केलेला रिव्ह्यू पुरत नाही. शेवटी दुपारी खिडकी उघडी ठेवून आणि रात्री ट्यूबलाइट लावून पडद्यावरचं प्रतिबिंब नोंदवा.

## टप्पा ७: आवाज

इथं सगळ्यात मोठी फसवणूक कानाचीच. दोन साउंडबारपैकी जो किंचित मोठा वाजतो तो चांगला वाटतो. म्हणून तुलनेआधी दोन्ही जुळवा. पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) लावा, मीटर सी-वेटिंग आणि स्लोवर ठेवा, बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरा आणि ७५ डेसिबल आणा. दोन्हींत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक नको. रिमोटचा व्हॉल्यूम दोन्हीकडे '२०' ठेवणं म्हणजे जुळवणी नव्हे.

जोडणी. साउंडबार 'ई-आर्क' लिहिलेल्याच पोर्टला लावा, तसा पोर्ट एकच असतो. टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून बारकडे पाठवण्याची सोय म्हणजे आर्क, ई-आर्क तिची सुधारित आवृत्ती. टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये पासथ्रू (आवाज आहे तसा पुढे धाडणं) किंवा ऑटो निवडा. साध्या आर्कवर पीसीएम (टीव्हीनं आधीच उलगडलेला आवाज) ठेवलंत तर दोनच चॅनेल पुढे जातात आणि पाच स्पीकरांचा संच मुका बसतो. स्ट्रीमिंगमधला, वरूनही आवाज आल्याचा भास देणारा अ‍ॅटमॉस साध्या आर्कमधूनही जातो, डिस्कवरच्या ट्रूएचडी या जड स्वरूपातल्या आवाजाला मात्र ई-आर्क लागतं. बारच्या डिस्प्लेवर किंवा अ‍ॅपमध्ये 'अ‍ॅटमॉस' अक्षरं आली की मगच ऐकायला बसा.

बार कपाटाच्या खणात नको. वर तोंड केलेले स्पीकर असतील तर छत सपाट आणि कडक हवं. पीओपीचं पायऱ्यापायऱ्यांचं फॉल्स सीलिंग आवाज इकडेतिकडे फेकतं. अशा खोलीत तपासलं असेल तर लेखात तसं लिहा.

बासबद्दल मत देताना खोली ओळखा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक स्वर साचतो. त्याचा हिशोब सोपा आहे: ३४३ भागिले मीटरमधल्या लांबीची दुप्पट. १० बाय १२ च्या खोलीत ही शिखरं साधारण ५६ आणि ४७ हर्ट्झवर येतात. सबवूफर कोपऱ्यात ठेवून 'बास घुमतो' असं लिहिलंत तर तो रिव्ह्यू बिल्डरचा झाला. आरईडब्ल्यूवर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा स्वर) बसायच्या जागेभोवती निदान तीन ठिकाणी घ्या आणि सरासरी काढा. पंखा, एसी बंद. सबवूफर हलवून पुन्हा घ्या: जागा बदलल्यावर ज्याची उंची बदलते ते शिखर खोलीचं, न बदलणारं बहुधा बारचं.

तोच स्वीप दोन व्हॉल्यूमवर घ्या. मोठ्या आवाजात खालचे स्वर वरच्यांच्या प्रमाणात वाढले नाहीत तर बार स्वतःला वाचवण्यासाठी बास कापतोय. 'पीएमपीओ' (जाहिरातीतला फुगवलेला वॉटचा आकडा) किंवा एकूण वॉट यांच्याकडे लक्ष देऊ नका. बसायच्या जागी संवाद न फाटता किती डेसिबलपर्यंत जातो, तेवढं लिहा.

मोजणी झाली की पंखा तीनवर लावा आणि मराठी मालिकेतले संवाद ऐका. आपल्या घरांत बारची खरी परीक्षा इथे होते, हेलिकॉप्टरच्या डेमोत नव्हे.

तपासा: ओठ आणि आवाज. आवाज चित्राच्या पुढे साधारण ४५ मिलिसेकंद गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की जाणवायला लागतो. टीव्हीचं अ‍ॅप, डीटीएच आणि बाहेरचा प्लेअर, तिन्हींवर वेगवेगळं पाहा.

## टप्पा ८: गेमिंग

गेम मोड चालू करून लॅग, म्हणजे सिग्नल आल्यापासून तो पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर, लॅग टेस्टरनं मोजा आणि पडद्याच्या मधल्या पट्टीवरचा आकडा द्या. ६० हर्ट्झला वरच्या काठाचा आकडा मधल्यापेक्षा सुमारे ८ मिलिसेकंद कमी येतो, म्हणून कुठे मोजलं ते न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी ठरतो. फोरकेला १२० हर्ट्झ घेणारे पोर्ट किती, आणि ई-आर्क त्यांपैकीच एकावर आहे का, हेही पाहा. असेल तर साउंडबार लावल्यावर कन्सोलसाठी एक पोर्ट कमी उरतो.

## टप्पा ९: मजकूर

आता मोजणाऱ्याचा तक्ता आणि पाहणाऱ्याची वही शेजारी ठेवा. जुळतं ते थोडक्यात लिहा. न जुळणाऱ्या जागी थांबा. पाहणारा म्हणतो चेहरे लालसर, तक्ता म्हणतो रंग अचूक? तोच प्रसंग दोघांनी पुन्हा लावून बघा. बऱ्याचदा एचडीआरमध्ये एखादं सेटिंग चालू राहिलेलं सापडतं, किंवा वाहिनीचाच रंग तसा निघतो. कलरीमीटरचा प्रकार चुकलेलाही असू शकतो.

पडद्याचे फोटो टाकणार असाल तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ६५०० केल्व्हिनवर आणि शटर १/५० वर बांधा. तुलनेच्या सगळ्या फोटोंना एकच एक्स्पोजर ठेवा. ऑटोवर काढलेल्या फोटोंत अंधारलेला टीव्हीही उजळ दिसतो. एचडीआरचा झगमगाट फोटोत उतरत नाही, तो दावा करूच नका.

वस्तू कुठून आली हे वरच्या दोन ओळींत सांगा: विकत घेतली, कंपनीनं परत करण्याच्या बोलीवर दिली की भेट मिळाली. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे 'ॲस्की'च्या २०२१ च्या नियमांनुसार फुकट वस्तू, सवलत आणि प्रवासखर्च हे सगळं उघड करायचं असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. शिवाय कंपनीनं पाठवलेला नग निवडून काढलेला असू शकतो. दुकानातला नग तपासला असेल तर ते आवर्जून लिहा.

तपासणाऱ्यानं प्रत्येक विशेषणापाशी पेन्सिल टेकवावी. 'जबरदस्त ब्राइट' म्हणजे किती निट्स, कुठल्या चौकोनावर? उत्तर तक्त्यात नसेल तर शब्द काढायचा. मॉडेल कोड, आकार, सॉफ्टवेअरची आवृत्ती, बसण्याचं अंतर आणि खोलीचं माप लेखाच्या तळाशी एका चौकटीत घाला. पुढे कंपनीनं अपडेट पाठवून चित्र बदललं तर जुने आकडे पुसू नका. त्यांच्या शेजारी नव्या आवृत्तीचे आकडे तारखेसह भरा आणि पाहणाऱ्याला पुन्हा एक संध्याकाळ बातम्यांच्या पट्टीसमोर बसवा.